पोडाचं नाव पुसायचं का?

पोडावरचा_मास्तर (केळापूर तालुका, यवतमाळ)

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. अक्षर बरं आहे म्हणून गावातले फलक लिहायचं काम माझ्याकडे येतं, आणि मला ते आवडतं.

डांबरी रस्त्यावरून पोडाकडे, म्हणजे कोलाम जमातीच्या वस्तीकडे, वळताना एक पत्र्याचा फलक आहे. निळ्यावर पांढरी अक्षरं. गंजानं 'को' खाल्लाय, आता नुसतं 'लामपोड' वाचता येतं. ग्रामपंचायतीनं नवा पत्रा आणला, रंगाचे दोन डबे आणले आणि मला निरोप आला की गुरुजी, कोलामपोड लिहू नका. डिसेंबर २०२० मध्ये सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतलाय, त्याप्रमाणे 'क्रांतीनगर' लिहा.

मी पत्र्याला निळा हात दिला, वाळू दिला, खडूनं रेषा मारल्या. 'क्रांतीनगर' खडूनं लिहूनही झालं. तेवढ्यात चौथीतली एक मुलगी पाण्याची कळशी घेऊन चालली होती. ती थांबली, अक्षर अक्षर लावून वाचलं आणि म्हणाली, "गुरुजी, क्रांतीनगर इथून किती लांब हाय?" ती पोडातलीच. तिचं घर तिथून दिसतं.

मी खडू पुसून टाकला. पत्रा अजून शाळेच्या व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवलाय.

तर प्रश्न असा. 'कोलामपोड' हे पुसून टाकायचं जुनं नाव आहे, की त्या लोकांचं स्वतःचं नाव आहे? आणि हा प्रश्न एका पत्र्यापुरता नाही. शाळेच्या कागदांत 'अनुसूचित जमाती', योजनेच्या कागदात 'आदिम', भाषणात 'वनवासी', ९ ऑगस्टच्या बॅनरवर 'आदिवासी', आणि बाजारात एखादा दुकानदार सरळ 'जंगली' म्हणतो. नेमकं काय म्हणावं? जे या समाजांतले आहेत त्यांनी आधी सांगावं, बाकीच्यांनी नंतर.

निळी_पहाट

मास्तर, मी त्या समाजांतली नाही, पण जातीच्या नावाच्या वस्तीत वाढले म्हणून बोलते. आमच्या वस्तीला अख्खं गाव 'महारवाडा' म्हणायचं. बाबासाहेबांनी १९५६ ला नागपुरात दीक्षा दिली, आमच्या आजोबांनी घेतली, घरातले देव गेले, तरी पोस्टाच्या पाकिटावर महारवाडा तसाच. मी अकरावीला तालुक्याच्या गावी गेले तेव्हा पत्ता लिहिताना त्या शब्दापाशी माझा हात अडखळायचा. पुढे वस्तीला भीमनगर नाव मिळालं. त्या दिवशी माझ्या आईनं दारापुढे सडा घालून रांगोळी काढली होती, दिवाळी नसताना.

म्हणून त्या शासन निर्णयाला कुणी उगाच नावं ठेवू नका. त्यामागं आमच्यासारख्यांच्या कितीतरी वर्षांचं दुखणं आहे.

वऱ्हाडी_ठेचा

गुरुजी, नगर लिवताना जरा पाहून लिवा. आमच्या इकडं एकाच सर्कलमदी तीन क्रांतीनगर झाले. पोस्टमन बिचारा मनीआर्डर घिऊन तिन्ही क्रांत्या फिरून येते!

इंद्रावती_काठ (भामरागड)

जय सेवा. मी माडिया आहे, नर्सिंग करते.

निळी_पहाट ताई, तुमचं वाचून गलबलून आलं. तुमच्या आईची रांगोळी मला समजली. पण 'महारवाडा' आणि 'कोलामपोड' एका मापानं मोजू नका. महारवाडा हे नाव गावानं तुम्हाला गावाबाहेर ठेवून दिलं. पोड कुणाच्या गावाबाहेर नाही. पोड हेच गाव. त्यात चावडी आहे, नाईक आहे, महाजन आहे. ते नाव पुसणं म्हणजे दुखणं काढणं नाही, घर काढणं आहे.

आता माझं सांगते. कागदावर आम्ही 'माडिया गोंड'. शेजारच्या डोंगरातल्यांना बाहेरचे 'बडा माडिया' म्हणतात. गोंड लोक स्वतःला कोया किंवा कोयतूर म्हणतात. आमच्या घरात कोणी 'आदिवासी' म्हणत नाही, तो शब्द मला आश्रमशाळेत कळला. पण त्याच शब्दामुळे मेळघाटच्या कोरकू मुलीशी आणि नंदुरबारच्या भिल्ल मुलीशी माझं नातं जुळलं. आमच्या तिघींच्या भाषा वेगळ्या. होस्टेलवर 'आपण आदिवासी' म्हटलं की तिघी एका पंगतीत. म्हणून घरात माडिया, मोर्चात आदिवासी. मला दोन्ही पाहिजेत.

काय नको तेही सांगते. पहिल्या वर्षी एका मॅडमनी हजेरी घेताना विचारलं, "ट्रायबल कोण कोण? हात वर करा." शब्द वाईट नव्हता, पण हात वर केल्यावर आमच्याकडे जे बघितलं गेलं ते वाईट होतं. नाव कोणतंही असू दे, ते कोणत्या आवाजात घेतलं हे कानाला लगेच कळतं.

फायलींतला_माणूस (निवृत्त, नागपूर)

अठ्ठावीस वर्षं कार्यालयात जातीचे कागद हाताळले, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

संविधानात 'आदिवासी' शब्द नाही, 'अनुसूचित जमाती' आहे, कलम ३४२. तो तसा का, यावर संविधान सभेत बोलणं झालं होतं. जयपालसिंग मुंडा, १९२८ च्या ऑलिंपिकमधल्या भारतीय हॉकी संघाचे कर्णधार, १९४६ मध्ये सभेत उभे राहिले आणि म्हणाले की मी जंगली आहे, आमच्या भागात आम्हाला याच नावानं ओळखतात, आणि मला त्याचा अभिमान आहे. पुढे मसुद्याच्या भाषांतरात 'बनजाति' शब्द आला तेव्हा त्यांनी हरकत घेतली आणि 'आदिवासी'चा आग्रह धरला. म्हणजे ज्या माणसानं 'जंगली' छाती पुढे करून स्वीकारला, त्यानंच 'बनजाति' नाकारला. शिवी आपण होऊन उचलली तर तिचं हत्यार होतं. दुसऱ्यानं बारसं केलं तर नाही होत. बाबासाहेबांचं उत्तर कायद्याच्या अंगानं होतं: 'आदिवासी' हा ढोबळ शब्द आहे, अनुसूचित जमाती म्हटलं की यादी असते, यादीत कोण ते ठरलेलं असतं, हक्क त्याला चिकटतात. दोघांचंही म्हणणं मला पटतं.

यादी माणसाचं काय करते ते आपल्या विदर्भाइतकं कोणी पाहिलं नसेल. १९७६ पर्यंत यादीला क्षेत्राचं बंधन होतं. विदर्भात मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी आणि यवतमाळ या तालुक्यांतला गोंड अनुसूचित जमातीत, आणि तालुक्याची हद्द ओलांडून राहणारा त्याचा सख्खा साडू मात्र नाही! ते बंधन १९७६ च्या कायद्यानं गेलं.

आणि गोवारींचं तर एका शब्दावर अडलं. यादीत 'गोंड गोवारी' आहे, यांचं म्हणणं ते आम्हीच. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात विधिमंडळावर मोर्चा आला, चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली. बायका, लेकरं. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. सीताबर्डीवरून जाणाऱ्या उड्डाणपुलाचं नाव आहे 'आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल'. पुलावर आदिवासी, यादीत नाही. मी रोज त्या पुलावरून कचेरीत जात होतो.

आता 'आदिम'बद्दल. केंद्रानं पूर्वी काही जमातींना 'प्रिमिटिव्ह' म्हणजे आदिम गट म्हटलं. महाराष्ट्रात तीन: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. २००६ मध्ये तो शब्द काढून 'विशेष असुरक्षित' असा अर्थ असलेलं नाव दिलं. इंग्रजीत बदललं, पण आपल्या मराठी कागदात, बोलण्यात 'आदिम जमात' अजून चालूच आहे. मीही शेकडो पत्रांत लिहिलं. आज इंद्रावती_काठ ताईंचं वाचताना त्याची लाज वाटते.

सातपुडा_सावली (धारणी)

मी कोरकू. आमच्या बोलीत 'कोरो' म्हणजे माणूस, 'कोरकू' म्हणजे माणसं. एवढंच आमचं नाव. मग आम्हाला काय म्हणायचं हे विचारता तेव्हा मला वाटतं, माणसं म्हणा ना!

आडनावांचं मात्र सांगते. कासदेकर, बेठेकर, जांबेकर ही आडनावं मेळघाटात गावोगाव दिसतील. कासदा, बेठे ही आमची कुळं. त्यांना 'कर' जोडून आडनावं झाली. पुण्यात माझा भाऊ कामाला गेला, लोक विचारतात, "कासदे हे गाव कुठं आलं?" तो सांगून सांगून थकला की ते गाव नाही, आमचं कूळ आहे. मास्तर, फलक तर रस्त्यावर असतो, उद्या पुन्हा रंगवता येतो. शाळेच्या दाखल्यावर जे लिहिलं जातं ते सात पिढ्या धुतलं जात नाही. तुमच्यासारख्या अक्षर चांगलं असणाऱ्यांनी तिथं जास्त जपावं.

रामटेक_पायथा

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नये. 'वनवासी' शब्दात काय वाईट? माझे काका वीस वर्षं चिखलदऱ्याकडे दवाखाना चालवायचे. ते प्रेमानं 'आपले वनवासी बंधू' म्हणत, रात्री-बेरात्री कंदील घेऊन बाळंतपणाला धावत. प्रभू रामचंद्रसुद्धा वनवासी होते. 'आदिवासी' म्हटलं की बाकीचे सगळे बाहेरून आले असा अर्थ निघतो, आणि समाजात दुही पडते असं मला मनापासून वाटतं.

कोरची_कट्टा

रामटेक_पायथा दादा, तुमच्या काकांना हात जोडून नमस्कार. त्यांचं काम खरं, त्यावर वाद नाही. वाद शब्दावर.

एक, वनवास म्हणजे शिक्षा. राम चौदा वर्षांनी अयोध्येला परत गेले. आम्ही कुठं परत जायचं? आम्ही शिक्षा म्हणून जंगलात आलो नाही.

दोन, आम्ही सगळे वनातले नव्हतोच. नागपूर शहर १७०२ मध्ये वसवलं देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शाहनं. चंद्रपूरचा परकोट पाहिलाय ना? जटपुरा गेटखालून गाडी काढताना एकदा मान वर करून बघा, हत्तीवर स्वार झालेला सिंह दगडात कोरलेला दिसेल. ते गोंडराजाचं चिन्ह. परकोट बांधून राज्य करणाऱ्याला वनवासी म्हणायचं कसं?

तीन, आणि खरी गोम इथं आहे. 'आदिवासी' शब्दात जमिनीवरचा पहिला हक्क बोलला जातो. 'वनवासी' म्हटलं की फक्त पत्ता राहतो. वन खात्यानं उद्या उठवलं की पत्ताही गेला. सर्वोच्च न्यायालयानंही २०११ मध्ये एका भिल्ल स्त्रीवरच्या अत्याचाराच्या खटल्यात आदिवासी हे या भूमीच्या मूळ रहिवाशांचे वंशज असल्याचं म्हटलं होतं. दुही शब्दानं पडत नाही दादा. जमीन घेतली की पडते.

रामटेक_पायथा

वनवास म्हणजे शिक्षा, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. दुहीबद्दलचं माझं मत अजून तसंच आहे, पण काकांच्या फोटोखाली आम्ही जी पाटी लावणार होतो त्यावर 'वनवासी' लिहायचं होतं. ते आता तिथल्या लोकांना विचारूनच लिहीन.

झाडीपट्टी_रसिक

विषयाला सोडून थोडं. पूर्व विदर्भातल्या आम्हा झाडीपट्टीवाल्यांना नागपूरचे लोक 'झाडीतले' म्हणून हसायचे. आता त्याच नावानं आमची नाटकं वडसा-देसाईगंजहून गावोगाव जातात, रात्रभर मंडप हलत नाही, आणि पोस्टरवर 'झाडीपट्टी' मोठ्या अक्षरात असतं. फायलीवाल्या काकांनी सांगितलं तेच. नाव आपण उचललं की त्याचा रंग बदलतो.

अकोल्याहून_एडमंटन

बाहेरचं थोडं सांगते. मी कॅनडात शाळेत काम करते. इथं 'एस्किमो' शब्द आता कोणी जबाबदार माणूस वापरत नाही. १९७७ मध्ये त्या लोकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं 'इनुइट' हे आपलं नाव ठरवलं. त्यांच्या भाषेत इनुइट म्हणजे 'माणसं'. सातपुडा_सावली ताईंचं 'कोरकू म्हणजे माणसं' वाचलं आणि अंगावर काटा आला. कुठं मेळघाट, कुठं उत्तर ध्रुव!

पण इथंही कायदा आणि घर यांत अंतर आहेच. इथल्या मूळ लोकांबद्दलचा मुख्य कायदा १८७६ चा, त्याचं नाव आजही 'इंडियन ॲक्ट'. कायद्याच्या नोंदीतला माणूस 'स्टेटस इंडियन'. सरकार आणि वर्तमानपत्रं 'फर्स्ट नेशन्स', 'इंडिजिनस' म्हणतात. माझ्या शाळेत क्री या मूळनिवासी लोकांतल्या एक आजी गोष्टी सांगायला येतात. त्या आपल्या मैत्रिणींशी बोलताना हसत 'इंडियन' म्हणतात. मी भारतीय म्हणून एकदा म्हणाले, आपण दोघीही इंडियन! त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "मला क्री म्हण." तेव्हापासून मी ज्याला त्याला त्याच्या नेमक्या लोकांचं नाव विचारते.

शेजारच्या अमेरिकेत मूळनिवासी स्त्रियांसाठीची एक जुनी शिवी डोंगरांच्या, नद्यांच्या नावांत होती. २०२२ मध्ये सरकारनं अशी सुमारे ६५० नावं बदलली. ती बदलायलाच हवी होती. म्हणजे काही नावं पुसायची असतात आणि काही जपायची असतात. मास्तरांच्या फलकावरचं कोणत्या प्रकारातलं, एवढंच ठरवायचंय.

फासा_सोडलेला (अमरावती जिल्हा)

सगळे शब्दांवर बोलले, मी पण बोलतो. मी फासेपारधी.

इंग्रजांनी १८७१ ला कायदा केला, आणि पुढं आमच्यासारख्या जमाती त्या यादीत जन्मजात गुन्हेगार ठरल्या. लेकरू जन्मलं की गुन्हेगार. स्वतंत्र भारतानं १९५२ ला तो कायदा रद्द केला, मग अशा जमातींचं नाव झालं 'विमुक्त'. किती सुंदर शब्द आहे! माझ्या बापानं तो शब्द कधी ऐकलाच नाही. त्याला शेवटपर्यंत ठाऊक होतं ते एवढंच, की गावात कोंबडी चोरीला गेली तरी पोलिसांची गाडी आमच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, येणार.

मी बी.ए. झालो. परवा एका ठाण्यात मोबाईल हरवल्याची तक्रार द्यायला गेलो. समोरच्यानं नाव लिहिलं, गाव लिहिलं, जात विचारली. मी सांगितली. त्यानं पेन खाली ठेवला आणि विचारलं, "कोणाचा मोबाईल?" मी म्हटलं, साहेब, माझाच. तो बराच वेळ पेन उचलेना.

नाव बदलू नका असं मी म्हणत नाही. 'गुन्हेगार' गेलं ते चांगलंच झालं. पण नाव बदलून तिथंच थांबू नका. मास्तर, त्या पोडातल्या माणसांना फलकावर काय पाहिजे हे कोणी विचारलं का? आम्ही इतके जण इथं बोललो, त्यांच्यापैकी एकही नाही.

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, वाचून घास उतरला नाही. बरोबर बोलले तुमी.

पोडावरचा_मास्तर

फासा_सोडलेला भाऊ, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि आज शाळा सुटल्यावर सरळ पोडात गेलो. आधीच जायला हवं होतं.

चावडीवर बसलो. पाऊस थांबला होता, बायका निंदणावरून परतत होत्या, कोणाच्या पदरात तरोट्याची भाजी. मी मोबाईलवरून तुमचे सगळ्यांचे प्रतिसाद वाचून दाखवले. क्री आजीचं ऐकून बायका खूप हसल्या, पुन्हा वाचा म्हणाल्या. जन्मजात गुन्हेगाराचं ऐकताना सगळे गप्प होते.

मग विचारलं, फलकावर काय लिहू? तरणी पोरं म्हणाली कोलामपोडच. एक जण म्हणाला, नुसतं पोडाचं नाव लिहा, बाकी पोडांना जशी आपापली नावं आहेत तसं. कोलाम तर आम्ही आहोतच, ते पत्र्यावर कशाला. यावर बराच वेळ बोलणं झालं, थोडं कोलामीत, जे मला सगळं कळलं नाही.

शेवटी नाईकांची आई बोलली. म्हातारी आहे, दिसत कमी, आवाज खणखणीत.

"गुरुजी, नाव कोनतं लिवाचं ते आमी सांगतो. पन त्याच्या खाली काय लिवान? वार्ड नंबर चार? तीन कोस चालून आमी तिकडच्या ग्रामसभेत जातो, मागं उभं राह्यतो, सही मारतो आन येतो. पोडाले गाव म्हना. गाव म्हटलं का मंग फलक लिवा."

मला पुढं बोलता येईना. माझा सगळा प्रश्न फलकाच्या वरच्या ओळीचा होता. तिचा खालच्या ओळीचा.

फायलीवाले काका, आमचं गाव पेसात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांच्या कायद्यात, येतं. १९९६ च्या कायद्यात गावाच्या व्याख्येत पाडा-वस्तीही बसते ना? वेगळी ग्रामसभा होऊ शकते का?

फायलींतला_माणूस

होते. पेसाप्रमाणे आपल्या परंपरेनुसार आपला कारभार चालवणारी वस्ती, पाडा, हेही गाव धरता येतं. राज्याचे नियम ४ मार्च २०१४ चे आहेत. वस्तीतल्या मतदारांनी ठराव करून उपविभागीय अधिकाऱ्यांकडे पाठवायचा. मग चौकशी होते, पुढं जिल्हाधिकारी. ठरावात पोडाचं नाव त्यांना हवं तसंच लिहा, कारण मंजूर झालं तर पुढच्या सगळ्या कागदांत तेच नाव राहील. चतुःसीमा त्यांच्या तोंडून लिहून घ्या: कोणता नाला, कोणतं झाड, देव कुठं. मसुदा पाठवा, मी बघून देतो. यावेळी 'आदिम' लिहिणार नाही.

इंद्रावती_काठ

गुरुजी, ठरावाखाली बायकांच्या सह्या आधी घ्या. आजीचा अंगठा सगळ्यात वर.

कोरची_कट्टा

आमच्या धानोऱ्याकडच्या मेंढा-लेखाचं उदाहरण पोडात सांगा. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवलेलं गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही तिथलीच घोषणा. एखाद्या रविवारी पोरांना तिकडं घेऊन या, भाकरी आमच्याकडे.

निळी_पहाट

मास्तर, मी पहिल्या प्रतिसादात घाई केली. आमचं नाव गेलं तेव्हा आम्हीच मागितलं होतं, हे सांगायचं राहून गेलं. पोडानं मागितलं नव्हतं. ठराव झाला की कळवा.

पोडावरचा_मास्तर

रविवारी सकाळी चावडीवर बैठक ठरली. ठराव लिहायचं काम पुन्हा माझ्याकडेच, मजकूर त्यांचा. सचिवांना सांगितलं, त्यांनी थोडी कुरकुर केली, पण पत्रा परत मागितला नाही. पत्रा व्हरांड्यातच आहे, निळा, कोरा. मुलं त्यावर खडूनं पाढे लिहितात.

फायलींतला_माणूस

ठराव दोन प्रतींत करा, आणि कचेरीत दिल्यावर पोच घ्यायला विसरू नका. शिक्का आणि तारीख दोन्ही बघून घ्या.

पोडावरचा_मास्तर

हो काका. पोच मिळाली की तिचा फोटो इथंच टाकतो.